दीर्घिका जोडणाऱ्या वहिनी

आमच्या वहिनींना गंभीर चेहरा करता येत नाही. त्या मनापासून प्रयत्न करतात, पण ओठांचा डावा कोपरा ऐन वेळी दगा देतो. ओळखपत्राच्या फोटोसाठी फोटोग्राफरने त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले होते, तरी फोटोत त्या आत्ता फिस्सकन हसतील अशाच आल्या. कुणाच्या मयताला गेल्या की त्या तोंडावर रुमाल धरून मागच्या रांगेत बसतात, आणि लोकांना वाटतं, किती हळवी बाई आहे.

अशी ही बाई रोज सकाळी पांढरा कोट चढवून बसते आणि संध्याकाळपर्यंत सहाशेच्या वर दीर्घिका आपल्या बोटांनी जोडते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक एक वस्ती. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. मी हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे माझीही अब्रू वाचेल.

मी वेधशाळेचा ड्रायव्हर. डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, माथ्यावर दुर्बीण, मध्ये वळणावळणाचा रस्ता आणि त्या रस्त्यावर मी. दूध, पाण्याचे कॅन, शास्त्रज्ञ, सगळं मीच वर नेतो. खाली येताना फक्त शास्त्रज्ञ असतात, आणि ते बहुतेक झोपलेले असतात. वहिनी ही माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची बायको. दादा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून तो तासन् तास खाली मान घालून बसतो. त्याला हाक मारली की मान वर येते, पण भिंग तसंच राहतं आणि आपल्याकडे एक भला मोठा डोळा बघायला लागतो. लहान मुलं रडतात. आम्हाला सवय आहे.

वहिनी पूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ज्यांना ते दिवस माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: तेव्हा फोन उचलला की आधी ऑपरेटरचा आवाज यायचा. तिच्यासमोर भोकाभोकांचा मोठा फळा असायचा आणि हातात दोऱ्या, म्हणजे टोकाला पिन असलेल्या वायरी. आपण नंबर सांगायचा, ती बरोबर त्या भोकात दोरी खोचायची आणि म्हणायची, "बोला, लागलाय." वहिनींचं हे "बोला, लागलाय" अख्ख्या गावात प्रसिद्ध होतं. काही रिकामटेकडे तेवढं ऐकायला फोन लावायचे.

एवढ्या वर्षांत वहिनींच्या हातून एकच दोरी भलत्या भोकात गेली. एका आजोबांना दवाखाना हवा होता, लागलं दादाचं दुकान. आजोबा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "ठोके मध्येच चुकतात, हो!" दादा म्हणाला, "घेऊन या, उघडून बघतो." आजोबांची वाचाच बसली. वहिनी लाइनवर होत्या. त्यांनी लगेच सांगितलं, "माफ करा, राँग नंबर लागलाय, माझी चूक," आजोबांना दवाखाना जोडून दिला आणि मग दादाला पुन्हा फोन लावून माफी मागितली. त्या माफीत निम्मा वेळ दोघंही हसत होते. माफी इतकी लांबली की वर्षाच्या आत लग्न झालं.

मग स्वयंचलित यंत्र आलं. माणसं स्वतःच नंबर फिरवायला लागली, फळा भंगारात गेला आणि एक्सचेंजमधल्या बायकांना फुलं देऊन, भाषणं करून घरी पाठवलं. त्यानंतर वहिनी गप्प झाल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, फक्त घरातला रेडिओ कुणीतरी बंद केल्यासारखं झालं. पडद्याच्या दोऱ्या सोडव, लोकरीचे गुंडे सोडव, असं काहीबाही करत बसायच्या. आणि ओठांचा डावा कोपरा? तो कुणालाच दगा देईना. दादा एकदा मला दुकानाच्या मागे नेऊन म्हणाला, "घड्याळ असतं तर उघडून बघितलं असतं रे," आणि भिंगाच्या आतून त्याच्या डोळ्याला पाणी आलं. मला ते फार मोठं दिसलं.

अशी दोनेक वर्षं गेली. एके दिवशी गाडीत मागे बसलेले दोन शास्त्रज्ञ बोलत होते, की बारीक कामाला सराईत हात हवेत, धीर हवा, आणि कंटाळा न करणारं माणूस कुठे मिळत नाही. मी करकचून ब्रेक दाबला. "मिळतं," म्हणालो, "माझ्या घरी आहे."

आता काम काय, ते सांगतो. दुर्बीण एका वेळी आकाशाचा एक तुकडा बघते. त्या तुकड्यात कुठली दीर्घिका नेमकी कुठे दिसणार हे शास्त्रज्ञ आधी मोजून ठेवतात आणि अॅल्युमिनिअमच्या एका मोठ्या गोल पत्र्याला बरोबर तिथे तिथे भोकं पाडून घेतात. एक भोक, एक दीर्घिका. वहिनींनी प्रत्येक भोकात काचेचा एक लवचीक तंतू खोचायचा. रात्री पत्रा दुर्बिणीला लागला की दीर्घिकेचा उजेड भोकातून तंतूत शिरतो, तंतूतून यंत्रात जातो, आणि यंत्र त्या उजेडातले रंग सुटे करून पट्टा काढतं. त्याला वर्णपट म्हणतात.

कुठला तंतू कुठल्या भोकात गेला हे लक्षात ठेवायची गरज नसते. हाताला येईल तो तंतू, जवळ असेल त्या भोकात. सगळे खोचून झाले की एक यंत्र एकेका तंतूतून उलटा उजेड सोडतं, कुठलं भोक चमकलं ते कॅमेरा बघतो आणि संगणक टिपून ठेवतो. ह्याला आमच्याकडे हजेरी म्हणतात. हजेरी झाली की पत्र्याला कुणी हात लावायचा नाही. वेधशाळेचे मोठे साहेब हे तसे मऊ गृहस्थ, पण त्यांनी ह्या एका बाबतीत भिंतीवर लाल अक्षरात पाटी लावली होती: हजेरीनंतर पत्र्याला जो हात लावेल, त्याला पत्र्याचं काम पुन्हा मिळणार नाही. कारण उघड आहे. हजेरीनंतर मुलांनी जागा बदलल्या तर एकाचे मार्क दुसऱ्याला जाणारच.

पहिल्या दिवशी वहिनी त्या खोलीत शिरल्या, समोर भोकांचा पत्रा, बाजूला तंतूंचे झुबके. त्या दारातच थबकल्या. मग माझी बाही धरून म्हणाल्या, "भाऊजी, अहो, हा तर माझा फळाच आहे!" आणि ओठांचा डावा कोपरा असा काही उडाला की माझ्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी घरातला रेडिओ पुन्हा सुरू झाला. दादाने आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला दोन्ही काटे तासाचेच बसवले.

एक मात्र होतं. तंतू खोचताना वहिनी "बोला, लागलाय" कधी म्हणत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कुणाला म्हणू? पलीकडून कुणी हॅलो म्हणत नाही ना." हसतच म्हणाल्या, पण मला ते लागलं.

वेधशाळेत एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी आहे. आनंद झाला की ती जागच्या जागी गोल फिरते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. वर्णपट वाचणं हे तिचं काम. वहिनींनी तिला दुसऱ्याच आठवड्यात गाठलं. "अगं, मी दिवसभर खोचते खरी, पण तुम्ही त्या उजेडाचं करता काय?"

भिंगरीने इकडेतिकडे बघितलं, वहिनींच्या डब्याला लावलेलं रुंद रबर काढलं आणि त्यावर पेनाने रेघा मारल्या. "वहिनी, प्रत्येक दीर्घिकेच्या उजेडात ठरावीक जागी रेघा असतात. हायड्रोजनची इथे, कॅल्शियमची इथे. आता बघा." तिने रबर ताणलं. "उजेड इकडे यायला निघाला, पण वाटेत जागाच ताणली जातेय. जागेबरोबर उजेडाची लाट ताणली जाते, आणि लाट लांबली की रंग लाल बाजूला सरकतो. सगळ्या रेघा सरकलेल्या दिसतात. ह्याला रेडशिफ्ट म्हणायचं, पुस्तकातलं नाव ताम्रसृती. जितका ताण जास्त, तितकी दीर्घिका लांब."

"आणि लांबची म्हणजे जुनी?" वहिनींनी विचारलं.

"लांबचा उजेड जुना! तो निघाला तेव्हा दीर्घिका जशी होती, तशी ती आपल्याला दिसते. म्हणजे तिचा लहानपणीचा फोटोच. जवळच्या दीर्घिका बघाल तर पोक्त, शिस्तीत गोल फिरणाऱ्या. लांबच्या वेड्यावाकड्या, एकमेकींवर आदळणाऱ्या, नुसता धुडगूस. ताणावरून सगळ्या ओळीने लावल्या की विश्व कसं मोठं झालं त्याचा अल्बम तयार होतो."

"मग पहिल्या पानावर कोण आहे गं?"

"तेच तर शोधतोय ना आपण, वहिनी!" भिंगरी म्हणाली आणि एक गिरकी घेतली.

हे "आपण" वहिनींना फार आवडलं. रात्री जेवताना त्यांनी दादाच्या नव्या पायजम्याचं इलॅस्टिक काढून आणलं, त्यावर रेघा मारल्या आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "भाऊजी, तुम्ही विश्वाचं ते टोक." मी मागे सरकलो. वहिनी मागे सरकल्या. रेघा लांब लांब गेल्या, वहिनी "बघा, बघा, ताम्रसृती!" म्हणून ओरडल्या, तेवढ्यात माझ्या हातून विश्व सुटलं आणि सटकन दादाच्या भिंगावर बसलं. दादा शांतपणे म्हणाला, "विश्व पसरतंय, कबूल आहे. पण माझ्या पायजम्याला त्यात कशाला ओढतेस?" आम्ही हसून हसून पोट धरलं. तेव्हापासून मात्र दर पत्र्याला वहिनींचं सुरू झालं. एखाद्या भोकाशी बोट थांबवून त्या पुटपुटत, "तू आहेस का गं पहिल्या पानावरची?"

आता त्या दिवसाकडे येतो.

पत्रा खोचून झाला होता, हजेरीही झाली होती. पत्रा दुर्बिणीकडे न्यायला मी ढकलगाडी आणायला गेलो होतो. वहिनी पत्र्यापाशी उभ्या राहून खिडकीतून मला काहीतरी सांगत होत्या. बहुतेक माझ्या लग्नाचंच, त्यांचा तो आवडता विषय आहे. पत्र्याच्या काठाला दोन तंतू एकमेकांवरून गेले होते, फुलीसारखे. आता एक्सचेंजमध्ये दोऱ्यांची फुली म्हणजे महापाप. तिथे मुख्य बाई पाठीमागून फिरायच्या आणि फुली दिसली की खांद्यावर पट्टी बसायची. ती पट्टी जाऊन इतकी वर्षं झाली, पण हात विसरले नव्हते. वहिनी माझ्याशी बोलत होत्या आणि हात आपले गेले, दोन्ही तंतू उपसले, ह्याच्या जागी तो, त्याच्या जागी हा, फुली सोडवली आणि परत आले. वहिनींना खबरसुद्धा नाही.

तीन-चार दिवसांनी मी दूध घेऊन वर पोचलो तर व्हरांड्यात भिंगरी फिरत होती. म्हणजे खरोखरच भोवऱ्यासारखी, थांबायचं नाव नाही. तिच्याभोवती दोन म्हातारे शास्त्रज्ञ टाळ्या वाजवत होते. मोठे साहेब जिना चढताना शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं, आणि का ऐकलं नव्हतं तेही कळलं.

झालं असं होतं, की आपल्या अगदी शेजारची म्हणावी अशी एक दीर्घिका, छान चक्री आकाराची, फोटोत तिचे फाटेसुद्धा मोजता यावेत इतकी जवळची. आणि तिचा वर्णपट बघावा तर लाट मूळच्या जवळजवळ सातपट ताणलेली! म्हणजे राहणार शेजारी, आणि ताण असा की विश्वाच्या बालपणापासून निघालीय. ताणावरून अंतर ठरवायचं हा ह्या सगळ्या मंडळींचा पाया. तोच हलला होता. पाया हलल्यावर एवढा आनंद होणारी माणसं मी दुसरी बघितली नाहीत. त्यांनी यंत्र तपासलं, कॅमेरा तपासला, संगणकाची उलटतपासणी घेतली. कुठे चूक सापडेना. पत्र्याबद्दल कुणीतरी विचारलं, तर मोठे साहेब म्हणाले, "पत्रा वहिनींनी लावलाय," आणि तो विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते इतर देशांतल्या वेधशाळांना कळवणार होते, की तुमच्याही दुर्बिणी तिकडे वळवा.

भिंगरीने वहिनींना खोलीतून ओढून बाहेर आणलं. "वहिनी, तुमचा पत्रा! तुमच्या पत्र्यात सापडली!" दोघी व्हरांड्यात फेर धरून नाचल्या. मीही दुधाचा कॅन खाली ठेवून दोन उड्या मारल्या. मग भिंगरीने पत्र्याचा नकाशा दाखवला. "हे बघा, काठावरचं हे भोक. आणि हे त्याच्या शेजारचं, त्यात काही विशेष नाही." वहिनींनी त्या दोन भोकांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे बघितलं, आणि त्यांचे पाय थांबले.

खाली येताना गाडीत त्यांनी माझ्या लग्नाचा विषयसुद्धा काढला नाही. मी दोन विनोद सांगितले, तिसरा सुरू केला, तर म्हणाल्या, "भाऊजी, गाडी बाजूला घ्या." मी घेतली. त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना हात मांडीखाली दाबून धरले होते.

मी घाबरलो की दुसऱ्याला शहाणपण शिकवतो. म्हणालो, "कशावरून? तुम्हाला वाटत असेल."

"मला वाटत नाही. हातांना आठवतंय."

"मग हातांना म्हणावं गप्प बसा! कुणी बघितलंय? अहो, ती पाटी वाचलीत ना? पुन्हा काम मिळणार नाही. वहिनी, तुमचा फळा जाईल."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एवढासा झाला. "मागच्या वेळी फळा गेला तेव्हा मी कशी झाले होते, ते मलाही माहीत आहे. मला भीती वाटतेय, भाऊजी."

मी गाडी सुरू केली.

घरी दादाने भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, "दादा, तू सांग वहिनींना, गप्प बसा म्हणून." दादाने मोठा डोळा माझ्यावरून वहिनींवर नेला. "मी काय सांगणार? हिच्या चुकीच्या दोरीवर मी अख्खा संसार केलाय. मी पक्षपाती माणूस." मग भिंग काढून म्हणाला, "पण त्या दिवशी तू आजोबांना आधी काय म्हणालीस, आठवतं?"

वहिनी म्हणाल्या, "माफ करा, राँग नंबर लागलाय, माझी चूक."

"लगेच म्हणालीस. मला त्याचंच फार वाटलं होतं. हसणं नंतरचं."

वहिनी बराच वेळ टेबलावरचं इलॅस्टिक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "भलताच माणूस ऐकतोय आणि खरा माणूस ताटकळतोय, हे ऑपरेटरला बघवत नाही. उद्या सांगते." आणि त्या पोटभर जेवल्या. जेवण मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेधशाळेतले सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले होते. मोठे साहेब निरोपाचा मसुदा मोठ्याने वाचत होते. वहिनी आत गेल्या, मी दाराशी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "साहेब, पाठवू नका. हजेरीनंतर मी दोन तंतूंची अदलाबदल केली. ती दीर्घिका साधी आहे, नंबर चुकीचा लागलाय." आणि ओठांचा डावा कोपरा उडाला.

खोलीत हशा पिकला. "वहिनी, ऐन वेळी काय छान चेष्टा करता!" मोठे साहेब डोळे पुसत म्हणाले.

"अहो, चेष्टा नाही!" वहिनी कळवळून म्हणाल्या. कोपरा आणखी उडाला. हशा दुप्पट झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गंभीर चेहऱ्याची गरज होती आणि तो काही केल्या येत नव्हता. त्यांनी रुमाल तोंडावर धरला, तर एक म्हातारे शास्त्रज्ञ खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. शेवटी त्या खाली वाकल्या, बुटांच्या दोन्ही नाड्या सोडवून काढल्या, टेबलावर त्यांची फुली केली, आणि एक अक्षर न बोलता फुली सोडवून दाखवली. टोकांच्या जागा बदलल्या. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ओठ हसतच होते.

हसणं एकेकाचं बंद पडलं. मोठ्या साहेबांनी कागद खाली ठेवला. "हजेरीनंतर?"

"हजेरीनंतर."

भिंगरी खुर्चीत बसून राहिली होती. वहिनी तिच्याकडे वळल्या. "माफ कर गं. तुझी शेजारीण साधीभोळीच आहे. तुझं सगळं मी पाण्यात घातलं."

मला भिंगरीची इतकी दया आली की मी दाराकडे तोंड फिरवलं. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "थांबा. दोनच तंतू बदलले ना? मग तो ताणलेला उजेड कुणाचा?" आणि एकदम किंचाळून, "तो उजेड खराच आहे! फक्त पत्ता चुकलाय! शेजारच्या भोकात काय होतं?"

शेजारच्या भोकात भरतीचा माल होता. पत्र्यात काही तंतू उरतात, ते वाया जाऊ नयेत म्हणून कुठल्या तरी मंद ताऱ्यांवर लावून टाकतात. तसा एक लालसर फिकट ठिपका, आपल्याच आकाशगंगेतला किरकोळ तारा म्हणून धरलेला. त्याचा वर्णपट कुणी उघडूनही बघितला नव्हता. भिंगरीने संगणकाकडे धाव घेतली, तिच्यामागे सगळे. उघडला, तर त्या ठिपक्याच्या नावाखाली चक्री शेजारणीचा साधासुधा, किंचित ताणलेला वर्णपट आरामात बसला होता.

"म्हणजे सातपट ताण त्या ठिपक्याचा!" भिंगरी ओरडली. "तरीच मी म्हणत होते, ही एक रेघ एवढी रुंद कशी! तो तारा नाहीच. क्वेसार आहे तो! कोवळ्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर, त्याच्याभोवती पेटलेला वायू. आपण एवढं लांबचं कधी काही बघितलेलंच नाही. वहिनी, पहिलं पान! निदान आपल्या अल्बमचं तरी!" आणि ती फिरायला लागली. फिरता फिरता तिने वहिनींना धरलं, वहिनींनी तिला, आणि नाड्या नसलेला वहिनींचा एक बूट उडून कपाटावर जाऊन बसला.

"शांत व्हा!" मोठे साहेब म्हणाले. सगळे शांत झाले. "एक चूक झालीय. आता दुसरी नको. तो पत्रा नव्याने लावायचा, ठिपक्याचा उजेड पुन्हा घ्यायचा. तोच ताण आला तर नाचा." मग ते भिंतीवरच्या पाटीकडे वळले. वहिनी मान खाली घालून कोटाची बटणं सोडायला लागल्या.

"हे काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"पाटी तुमचीच आहे ना, साहेब."

"माझीच आहे," साहेब म्हणाले. "पण लिहिताना मी लपवणारा माणूस डोळ्यांसमोर धरला होता. आपण होऊन सांगायला येणारा माणूस मला सुचलाच नव्हता." त्यांनी खुर्चीवर चढून पाटी काढली. "पत्रा तुम्हीच लावायचा. मात्र तुमच्या हातांवर माझा काडीचा विश्वास नाही. हजेरी सुरू झाली की दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला चहाचा एकेक कप धरून उभं राहायचं. एक तुमचा, एक माझा. ढकलगाडी येईपर्यंत कप खाली ठेवायचा नाही."

वहिनींनी डोळे पुसले आणि बटणं भलत्याच काजांत लावून टाकली. ती आजही तशीच चुकलेली असतात असं मला उगीच वाटतं.

पत्रा लागला. हजेरीला वहिनी दोन कप धरून पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या, एक थेंब सांडला नाही. मग ढगांनी आमचा अंत पाहिला. रोज सकाळी गाव मला विचारायचं, "दिसला का ठिपका?" आणि मी आभाळाला शिव्या घालत डोंगर चढायचो. शेवटी एका रात्री एकदाचं आभाळ स्वच्छ झालं. दुसऱ्या सकाळी वहिनींना वर सोडून मी पुढच्या फेरीसाठी खाली आलो, तर दादा दुकान बंद ठेवून माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसला. घाईत भिंग डोळ्यालाच राहिलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे पडद्यासमोर जमले होते, पण आवाज कुणाचाच नव्हता. भिंगरीसुद्धा फिरत नव्हती. पडद्यावर एकच वेडीवाकडी रेघ होती आणि लाल टोकाला तिचा एक उंच सुळका. ठिपक्याचं भोक, ठिपक्याचं नाव, आणि ताण तोच, सातपटीचा.

"वहिनी," भिंगरी हळूच म्हणाली, "हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यसुद्धा नव्हता. तेव्हापासून चालतोय, आणि काल रात्री तुमच्या तंतूत आला."

वहिनींच्या हातात नव्या पत्र्याच्या हजेरीचे दोन कप होते, ते तसेच घेऊन त्या पडद्याजवळ गेल्या. मी त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होतो. तो हलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वहिनींचा गंभीर चेहरा बघितला, आणि तो फार सुंदर होता. त्या पडद्यापुढे किंचित वाकल्या आणि त्यांच्या त्या जुन्या, अख्ख्या गावाने ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "बोला, लागलाय."

मग माझ्या मागून दादा सवयीने म्हणाला, "हॅलो."

दोन्ही कप सांडले.